दोन्ही खिसे डावीकडे

परदेशात फॅशन डिझाइन शिकायला येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. मॅडमनी मी शिवलेला कोट मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांनी उचलून वर्गाला दाखवला. दोन्ही खिसे डावीकडे आणि उजवी बाही फक्त कोपरापर्यंत.

"तुमच्याकडे मापं न घेताच शिवतात वाटतं!"

वर्ग खिदळला. मी कारण सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "कारणं नकोत. नापास." वर कोटही ठेवून घेतला.

पुढच्या हंगामात शहरातल्या सगळ्यात झगमगीत दुकानाच्या काचेत तोच कोट उभा! रंग तेवढा वेगळा, खाली मॅडमचं नाव आणि पाटी : 'एक धाडसी कल्पना'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाब विचारला, तर बाई थंडपणे म्हणाल्या, "नापास झालेल्या कोटावर हक्क सांगतेस?"

मी काचेतल्या कोटाचा फोटो काढून बाबांना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला.



"अगं, तू माझ्यासाठी शिवला होतास, अगदी तस्साच आहे की! तुझ्या मॅडमच्याही वडिलांचा उजवा हात मशीनमध्ये गेला का गं?"