गुरुजींची जागा

हिंगोली नवा जिल्हा झाला, त्या वर्षीच्या शिक्षकदिनाला सेनगावात रत्नपाल गुरुजींचा सत्कार होता. साखऱ्याहून सकाळची एसटी आलीच नाही, म्हणून गुरुजी खचाखच भरलेल्या जीपच्या मागं, एका हातानं दांडी अन् दुसऱ्या हातानं टोपी धरून लटकले. जीप हलली, तोच ड्रायव्हर नरसिंगनं आरशात पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला.

"गुरुजी, तुमी लटकून राहिले अन् मी आरामात बसून गाडी चालवू व्हय?"

चौथीपर्यंत गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला नरसिंग खाली उतरला. त्यानं गुरुजींना हाताला धरून आणलं आणि स्वतःच्या जागेवर, स्टेअरिंगपुढं बसवलं.

"अरे, मला कुठं गाडी येते? तिकडं लोक खोळंबले असतील. तू बस!"

"तुमची जागा मी घेऊ? मेलो तरी न्हाई, गुरुजी."

प्रवासी ओरडू लागले. गुरुजींनी समजावलं, विनवलं, पण हा गडी हात जोडून रस्त्यावर उभाच. शेवटी त्यांचा पारा चढला. अख्ख्या शाळेला ऐकू जायचा त्या आवाजात ते कडाडले,

"नरस्या! गुपचूप खाली बस!"



नरसिंग भर रस्त्यात मांडी घालून खाली बसला. हाताची घडी, तोंडावर बोट.