एकाच चादरीची दोन टोकं

लेकीनं पगाराची स्लिप तीनदा वाचली आणि मग आईची स्लिप तिच्या शेजारी ठेवली. चादरी त्याच, तास तेच, हात मात्र आईचे जास्त सरावलेले. तरीही आईचा पगार तिच्याहून जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं कमी होता.

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत आईला एकोणीस वर्षं झाली होती, लेकीला एक महिना. दोघी समोरासमोर उभ्या राहून एकाच चादरीची टोकं धरत, झटकत, घड्या घालत. कोपरे कसे जुळवायचे हे लेकीला आईनंच शिकवलं होतं.

लेक मुकादमाकडे गेली. माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली आणि समजावलं, की बाहेरून आलेल्यांचा दर वेगळा, इथं जन्मलेल्यांचा वेगळा. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय.

घरी येऊन लेक म्हणाली, की ती कामगार कचेरीत तक्रार करणार. भाजी चिरता चिरता आईनं आधी ते हसण्यावारी नेलं. मग म्हणाली, की आपलं बरं चाललंय, उगाच कुणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं. लेक ऐकेना. आईनं जन्मभर मान खाली घालून काम केलं, याचाच तिला राग होता. दोन दिवस घरात अबोला राहिला.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून तक्रार लिहून घेतली. निकाल तुमच्या बाजूनं लागायला हरकत नाही, म्हणाल्या. फक्त दोघींचे कागद मुळापासून तपासावे लागतील.

लेक जणू तरंगतच घरी आली.

"आई, झालं बघ काम. सोमवारी आपल्या दोघींच्या जन्माच्या नोंदी मागवतायत. मग तुलाही माझ्याइतकाच पगार."

आईनं उठून दार लावून घेतलं.

"तक्रार मागे घे," ती म्हणाली.

"का पण? तू कशाला घाबरतेस? मी आहे ना. माझं कोण काय वाकडं करणार? मी तर इथलीच आहे."

आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"दोन महिन्यांची होतीस तू," ती म्हणाली, "तुला पोटाशी बांधून मी सरहद्द ओलांडली तेव्हा."