मधपेटीची वाटणी

शेवटची माशी आत शिरली तसं धाकट्याने मधपेटीच्या दाराला जाळी ठोकली. झाकण हलू नये म्हणून पेटी दोरीने आवळली. मग दोन्ही हातांनी अलगद उचलली. इतक्या हळुवारपणे त्याने बापालाही कधी उचललं नव्हतं. अर्थात, बापाला उचलायची वेळ एकदाच आली, आणि तेव्हाही पुढून कोण धरणार यावरून थोरल्याशी वाजलं होतं.

अंगणाच्या मधोमध नवीकोरी भिंत उभी होती. वाटणीत झाड थोरल्याला गेलं, झाडाखालची पेटी धाकट्याला. आईची वाटणी अजून व्हायची होती. तिच्यावर हक्क सांगायची घाई दोघांनाही नव्हती, त्यामुळे ती दोन्हीकडे वावरत असे.

"अरे, नुसती भिंतीपलीकडे नेऊन काय होणार?" आई म्हणाली. "माश्यांना जागा पाठ असते. उद्या जुन्या जागीच परततील. आधी महिनाभर कुठंतरी लांब ठेव. जागा विसरल्या की आण. तुमचे वडील तसंच करायचे. नाहीतर मरतील रे. त्यांच्या हातचं एवढंच काय ते जिवंत उरलंय."

"आणि महिनाभर माझ्या नजरेआड? याचा भरवसा काय?" धाकट्याने थोरल्याकडे बोट दाखवलं.

"ने बाबा, ने," थोरला म्हणाला. "फक्त माझी जागा आजच्या आज मोकळी कर."

पेटी सुखरूप हलली. कुणालाही एक डंखसुद्धा बसला नाही.

सकाळी धाकट्याने जाळी काढली. माश्या कामाला गेल्या आणि परतल्या त्या थेट थोरल्याच्या झाडाखाली. मोकळ्या जागेवर त्यांचा काळा गोळा जमला. थोरल्याने लगबगीने तिथे रिकामी पेटी मांडली.

"बघ रे!" भिंतीवरून तो ओरडला. "मुक्या जिवालाही कळतं, कुणाकडे राहावं!"

धाकट्याने त्याला चोर म्हटलं. मग उरलेल्या तरी फितूर होऊ नयेत म्हणून दाराला पुन्हा जाळी ठोकली. वर फळीही मारली.

आता राणी आणि पिल्लं धाकट्याकडे होती. त्यांना भरवणाऱ्या माश्या थोरल्याकडे होत्या. पोटात काय घालायचं हा एकीकडे प्रश्न, कुणासाठी आणायचं हा दुसरीकडे.

आई आधी थोरल्याकडे गेली. "संध्याकाळी दोन्ही एकत्र करू, लांब नेऊन ठेवू. दोघांनी धरा, बस्स."

"त्याला यायला सांग."

ती भिंतीला वळसा घालून धाकट्याकडे गेली.

"त्याला यायला सांग."

संध्याकाळी तिने एकटीनेच धाकट्याकडची पेटी उचलून पाहिली. पेटी जागची हलली नाही.

धाकट्याकडचा गुंजारव आधी थांबला. थोरल्याकडच्या माश्या रोज थोड्या थोड्या गळत गेल्या. एका दुपारी तीही पेटी गप्प झाली. आईने दोन्हीकडच्या मेलेल्या माश्या केरसुणीने गोळा केल्या आणि एकाच खड्ड्यात पुरल्या.

थोरला जवळ आला. हळूच म्हणाला, "आई, त्याच्याकडच्या जगल्या का गं?"

"नाही."

थोड्या वेळाने धाकट्यानेही तेच विचारलं. आईने त्यालाही खरं ते सांगितलं.

त्या दिवशी दोघंही पोटभर जेवले.