पेरूच्या वडीची कढई

"ज्या दिवशी मेक्सिकोतला माणूस डुकराशिवाय कार्नितास खाईल, त्या दिवशी हा देश संपला असं समजा," असं म्हणून म्हाताऱ्या एवारिस्तोने चौथा ताको उचलला.

ताकोत कच्चा फणस होता. ते त्याला ठाऊक होतं. आधीच्या तिन्ही ताकोंतही फणसच होता.

"कसा झालाय?" नेरेइदाने विचारलं. ती त्याची मुलगी आणि या वीगन बारची स्वयंपाकीण. एप्रनला हात पुसत दोन मिनिटांसाठी भटारखान्यातून बाहेर आली होती.

"मीठ बरोबर आहे."

चाळीस वर्षांत त्याने कुणाच्या हाताला याहून मोठं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं.

शनिवारची दुपार. बार तुडुंब. शेजारच्या टेबलावर चौघं मिळून अंबाडीच्या बोंडांच्या एका ताकोचा फोटो काढत होते. गाणी इतक्या जोरात चालू होती, की गुपितसुद्धा ओरडून सांगावं लागत होतं.

"आता ऐक," एवारिस्तो ओरडला. "डॉक्टर म्हणाला, गुडघा नवा झालाय. आज मेट्रोपासून इथवर काठीशिवाय आलो. बाजारातला माझा कार्नितासचा ओटा अजून कुणी घेतलेला नाही. उद्या रविवार, पहाटे चूल पेटवतो. माझी कढई कुठे ठेवलीस?"

नेरेइदाने शेजारच्या टेबलावरची ताटली उचलली. तिच्यात अजून अर्धा ताको होता. माफी मागून तिने ती परत ठेवली.

"मावशीकडे. पुएब्लाला."

"त्या बयेकडे? ती अंडंसुद्धा उकडत नाही."

"जड होती, बाबा. माझ्या खोलीत मावेना."

"मग संध्याकाळच्या बसने जाऊन आणतो."

त्याने उरलेली बिअर संपवायला मान मागे टाकली, तेव्हा काउंटरवरच्या पोऱ्याने बाटली काढण्यासाठी बर्फाचं भांडं जरा फिरवलं. भांडं तांब्याचं होतं, आरशासारखं घासलेलं. आल्या आल्या एवारिस्तोने ते पाहिलं होतं, ओळखलं नव्हतं. आता त्याचा डाग देऊन जोडलेला कान पुढे आला. तो डाग त्याने स्वतः तांबटाच्या पुढ्यात बसून देऊन घेतला होता.

त्या कढईत त्याने चाळीस वर्षं डुकराच्या चरबीत डुक्कर शिजवलं होतं. दर सोमवारी, ती घासूनपुसून, लहानग्या नेरेइदालाही तिच्यातच न्हाऊ घातलं होतं.

कढईच्या वर फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं : 'आजोबांची मिठाईची कढई. हिच्यात मांस कधीच शिजलेलं नाही.'

"मी सांगणार होते," नेरेइदा म्हणाली.

"केव्हा? माझ्या मयतीला जमलेल्यांना?"

"ब्रूनोला जुनं काहीतरी हवं होतं. मी दिली. कुणाची विचारलं, तर तोंडातून मिठाईची म्हणून गेलं. त्याच दिवशी त्याने मला कायम केलं." ती त्याच्या कानाशी वाकली. "खरं कळलं तर मला आजच कामावरून काढतील, बाबा."

तेवढ्यात मालक ब्रूनो हसत हसत आलाच. बरोबर एक मुलगी होती. तिच्या दंडावर डुकराचं पिल्लू गोंदवलेलं होतं. धंद्याच्या सवयीने एवारिस्तोने मनातल्या मनात त्याचं वजन केलं. सहा किलो.

"काका, बरे सापडलात. हिची जरा समजूत घाला. हिला कढईची शंका आहे."

"माझा मामा कार्नितास करायचा," मुलगी म्हणाली. "त्याच्याकडे अगदी अश्शीच होती."

"अगं, कढई ज्यांची तेच बसलेत समोर. काय शिजायचं हो हिच्यात, काका?"

फोटो काढणाऱ्या चौघांनी फोन तसेच धरून तोंडं इकडे वळवली. नेरेइदा कोरडे हात पुन्हा एप्रनला पुसू लागली.

एवारिस्तोने कढईकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग पिल्लाकडे.

"पेरूची वडी," तो म्हणाला.

"चाळीस वर्षं नुसती पेरूची वडी?"

"सणासुदीला रताळ्याची."

"शपथ?"

त्याने अंगठा तर्जनीवर आडवा ठेवून क्रूस केला आणि ओठांना लावला. बोटांना फणसाचा वास येत होता.

मुलगी ओशाळली. "राग मानू नका हं, आजोबा. हल्ली कुणावर विश्वास टाकायची सोय राहिली नाही."

"खरं आहे," एवारिस्तो म्हणाला.

चौघांतल्या एकाने टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही. मुलगी कढईजवळ उभं राहून फोटो काढून घ्यायला गेली.

"बाबा, उद्या..." नेरेइदा म्हणाली.

"उद्या काय? हा काय पेरूचा मोसम आहे?"

तिने पुढे काही म्हणायच्या आत आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती गेली.

"काका, आज सगळं माझ्याकडून," ब्रूनो त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "बोला, काय आणू?"

एवारिस्तोने टेबलाखाली पाय हळूच लांब केला.

"त्या कढईतला थोडा बर्फ मिळेल? गुडघ्याला लावायला."