भाड्याचा उजेड

"माणसाने टिपलेला उजेड त्याच्या मालकीचा असतो! त्यावर दरमहा भाडं घेणारा अजून जन्माला यायचाय!"

एबेलटॉफ्ट गावातल्या फोटो क्लबाचा अध्यक्ष प्रेबेन याने टेबलावर मूठ आपटली. ती केकच्या बशीच्या कडेवर पडली. अध्यक्षांचं भाषण संपेपर्यंत केकला कुणी हात लावायचा नाही, असा क्लबाचा नियम होता. पहिला तुकडा जमिनीने खाल्ला.

फोटो उजळायचा प्रोग्राम पूर्वी एकदा विकत घेतला की जन्माचा आपला. आता त्याची वर्गणी, आणि ती पुन्हा वाढलेली. प्रेबेनने लॅपटॉप उघडून सर्वांदेखत ती रद्द केली. टाळ्या पडल्या. वर्गणी मुकाट भरणाऱ्या एकट्या लिस्बेतने त्या वाजवल्या नाहीत.

"गुलाम!" प्रेबेन म्हणाला.

"कॉफी गार झाली," लिस्बेत म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तोच प्रेबेन तिच्या दारात उभा होता, टोपी हातात घेऊन.

उद्या शेजारच्या एयनार आणि गुद्रुनच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार. गावच्या रिवाजाप्रमाणे पहाटेच गल्लीतली माणसं त्यांच्या दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधणार, आणि कमानीच्या मधोमध प्रेबेनने फेब्रुवारीत काढलेला दोघांचा फोटो लागणार. फोटो दोघांना खिडकीकडे पाठ करून बसवून काढलेला, चेहरे काळेठिक्कर. प्रेबेनने ते छान उजळले होते, पण प्रोग्रामच्या आतच; वर्गणी रद्द केल्यावर तो आता उघडत नव्हता.

"बाहेर काढून ठेवला नाहीस?"

"उद्या काढू म्हटलं. आणि मग... भाषण झालं."

"मग एक महिना भर की!"

"वर्षाचाच करार मागतात गं. पेन्शनीत बसत नाही."

"पुन्हा काढ फोटो."

प्रेबेनने आपल्या डाव्या गालाला बोट लावलं. लिस्बेतलाही लगेच आठवलं. मार्चमधल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर एयनारच्या चेहऱ्याची डावी बाजू हसत नव्हती.

"आण इकडे," ती म्हणाली.

तिने स्वयंपाकघरातल्या आपल्या लॅपटॉपवर मूळ फोटो उघडला. दोन काळ्या आकृत्या आणि मागे झगझगीत खिडकी. तिचं बोट हळूहळू सरकू लागलं. आधी गुद्रुनचे पांढरे केस आले, मग तिचा एयनारच्या बाहीवरचा हात. मग अंधारातून एयनार वर आला, दोन्ही गालांनी हसत.

"दात जरा कमी पांढरे कर," प्रेबेन म्हणाला. "एयनार आहे तो."

तिने केले. प्रेबेनने टोपीनेच डोळे पुसले आणि तो उभा राहिला. सवयीने मूठ वर गेली.

"लिस्बेत, या स्वयंपाकघराच्या साक्षीने मी जाहीर करतो की—"

"प्रेबेन," ती प्रिंटरमध्ये कागद सरकवत म्हणाली, "उद्या कमानीखाली तूच बोलणार ना?"

"म्हणजे काय! मीच."

"मग माझं एवढंच ऐक. आधी केक कापू दे."