रानकोंबडीचे जंतू

"काय गो, सापडला रोग?" वॉल्टरकाकांनी प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं.

त्यांच्या विनीचं लग्न रविवारी होतं. जेवणात रानकोंबड्या वाढायचा शब्द त्यांनी स्वतःहून दिला होता. व्याही प्लासिड नावाजलेले शिकारी; आपणही कमी नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. पण कोंबड्यांत साथ आहे असं कानावर आलं आणि प्लासिडनी निरोप धाडला, आधी जंतू तपासून घ्या. शेजारची प्रेमलता नुकतीच सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाली होती. कॉलेजच्या बाईंनी तिला प्रयोगशाळेत टेबल दिलं आणि तुंगारेश्वरला मारल्या म्हणून सांगत काकांनी चार कोंबड्या तिच्या हवाली केल्या.

"साथीचा जंतू नाही," ती म्हणाली. "आतड्यात असतात तेच साधे जंतू. खुशाल वाढा."

काकांनी टाळीच वाजवली.

"पण हे बघा." तिने काचेच्या बशीतली कागदी टिकली दाखवली. "हिच्यात टेट्रासायक्लिन आहे. जंतूंनी हिच्यापासून लांब राहायला हवं. तुमच्या चारही कोंबड्यांतले अगदी खेटून वाढलेत. औषधाला सरावलेत. तुंगारेश्वरच्या जंगलात कोंबड्यांना औषध कोण पाजतं, काका?"

काकांनी दार लोटून घेतलं.

"बंदूक माझीच आहे गो. पण तिने आजवर पानसुद्धा पाडलं नाही. विकत आणतो. पिसं काढूनच." त्यांनी हात जोडले. "प्लासिडला कळलं तर भर मांडवात माझी हजामत करेल!"

प्रेमलताला हसू आवरेना. "मला रोगाचं विचारलंय. तेवढंच सांगेन."

तेवढ्यात दार ढकलून प्लासिडच आत आले. "माझी कोंबडी काय म्हणते, पोरी? एका बारात पाडली होती!"

त्यांनी पाठवलेल्या कोंबडीची बशी अजून बघायची होती. प्रेमलता ती आणायला वळली. प्लासिड टेबलावर वाकले.

"ही टिकली कसली?"

वॉल्टरकाकांचा चेहरा उतरला. प्रेमलताने पाचवी बशी उजेडात धरली, नीट पाहिली आणि इतर चारांशेजारी ठेवली.

"पाळीव कोंबडी ओळखायची," ती शांतपणे म्हणाली. "जंतू टिकलीला खेटले, तर कोंबडी औषध पिऊन वाढलेली. पाचही बशांत खेटलेत."

प्लासिडनी पाचही बशा पाहिल्या. टोपी काढली. मग वॉल्टरकाकांच्या कानाशी लागून म्हणाले, "व्याही, तो सातिवलीचा नथू कोंबडीवाला तर शपथेवर म्हणाला होता, तुमच्याशिवाय कुणालाच देत नाही!"