पुढची जोडणी

शिरोळच्या पुरात बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवसापासून राजवर्धन कोल्हापूरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर तोच पूर पुन्हा पुन्हा उभा करत होता. पाऊस, नदी, धरण, रस्ते असे सत्तर तयार प्रोग्राम होते; त्यातले कुठले एकत्र जोडायचे, एवढंच ठरवायचं होतं.

"सर, सगळ्या जोडण्या तपासायला सात जन्म पुरायचे न्हाईत," सहकारी मुबशिरा म्हणाली. "अनुजावैनी सकाळीच निघाल्या असत्या तर वाचल्या असत्या, हेच प्रत्येक जोडणी सांगतीय की. आता काय शोधताय?"

"पुढची लाव."

त्या सकाळी "निघू का?" असं अनुजाने फोनवर विचारलं होतं, तेव्हा "थांब, पाणी तिथवर येत न्हाय," असं त्यानेच सांगितलं होतं.


निघूनही ती वाचली नसती, असं सांगणारी जोडणी अजून सापडलेली नाही.